दोनाचे तीन

बसव्वाने त्याच्यापुढे दोन पेले ठेवले. दोन्ही अर्धेच भरलेले.

सुधींद्र कट्टी बाकाच्या एका टोकाला बसला होता. त्याने पेल्यांकडे पाहिलं, मग बाकाच्या मोकळ्या टोकाकडे, आणि मग चुलीपुढे वाकलेल्या म्हातारीकडे.

"मी एकटाच आहे, बसव्वा," तो कन्नडात म्हणाला. "एक पूर्ण चहा सांगितला होता."

"हौद री, मास्तर." होय म्हणत तिने चुलीत काटकी सारली. "पण सायकली दोन आल्या की."

बसव्वाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गिऱ्हाईक ती कानांनी ओळखायची. सायकलचं स्टँड खडखडलं, चपला वाजल्या, कुणी खाकरलं, की तेवढे पेले मांडायची. बाकी कुणाच्या बाबतीत तिचा अंदाज कधी चुकत नसे. चुकायचा तो फक्त रविवारी सकाळी, फक्त सुधींद्र आला की, आणि तोही गेल्या वर्षभरातच.

हुबळी-धारवाडकडे एक चहा दोघांत घेण्याला 'बाय टू' म्हणतात. त्यात गरिबी नाही की लाज नाही. कोप्पीकर रोडवरचे बोटभर जाड अंगठ्या घातलेले व्यापारीही बेधडक बाय टू मागतात. अर्धा चहा आणि पूर्ण गप्पा, एवढाच त्याचा अर्थ. सुधींद्र आणि वादिराज यांनी या बाकावर अकरा वर्षं अर्धा-अर्धा चहा घेतला होता. आता वादिराज नव्हता, आणि एकट्या माणसाला बाय टू देता येत नाही, हे त्या म्हातारीला कोण सांगणार.

त्याने आपला अर्धा पेला संपवला. दुसऱ्यावर साय धरली. तो उठला, सायकल रस्त्यावर घेतली आणि धारवाडच्या दिशेने वळवली. टपरीच्या पुढे तो वर्षभरात एकदाही गेला नव्हता. खरं तर इथपर्यंत येण्याचीही त्याला भीती वाटायची. पण रविवारी सकाळी खोलीत नुसतं बसून राहण्याची त्याहून जास्त वाटायची.

परतीच्या वाटेवरचा पहिला किलोमीटरचा दगड गेला, आणि मागून घंटी वाजली. एकदाच, शेवटाला जरा घरघरत. सुधींद्रच्या हातांवर काटा आला. त्याने मान वळवली नाही. पायडल जोरात मारत तो केलगेरीच्या तळ्यापर्यंत आला, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

वादिराज वकील होता. नावातच वाद आहे, दुसरं काय होणार, असं तो स्वतःच सांगायचा. सुधींद्र मराठी शाळेत भूगोल शिकवायचा. लग्न केलं नव्हतं, भाड्याच्या खोलीत राहायचा, आणि रविवारचं जेवण वादिराजच्या घरी जेवायचा. दोघांना सायकलचं वेड होतं. आंब्यांना मोहर आला, पळस पेटला, पहाटेची थंडी अंगाला बरी वाटण्याइतकीच उरली, की माघ-फाल्गुनात एकही रविवार चुकायचा नाही. साडेसहाला निघायचं, गोव्याच्या रस्त्याने केलगेरीचं तळं मागे टाकायचं आणि डावीकडे फुटणाऱ्या अरुंद रस्त्याला लागायचं. काम काही नसायचं. घरी स्कूटर असलेला वकील घाम गाळत सायकलवर कुठे जातो, हे लोकांना कळत नसे.

"कुठंच नाही," वादिराज त्यांना सांगायचा. "जाऊन येतो."

रस्ता इतका निमुळता की एकामागे एकच चालवावी लागे. सुधींद्र काटकुळा, तो पुढे. वादिराज अंगाने भरलेला, तो मागे. त्यांनी एक नियम केला होता. प्रत्येक दगडाशी मागच्याने एकदा घंटी वाजवायची, म्हणजे मी आहे. मास्तरची हजेरी, वादिराज म्हणायचा. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर त्या दिवशीचा चहा त्याच्याकडे लागला. वादिराजच्या सायकलला त्याच्या वडिलांच्या सायकलची पितळी घंटी होती. तिच्या वाटीला बारीक तडा गेला होता, म्हणून ती शेवटाला घरघरायची. सुधींद्रच्या सायकलला घंटी नव्हतीच. पुढे असणाऱ्याला ती कशाला हवी?

तिसऱ्या दगडापुढे बसव्वाची टपरी, आणि पाचव्यापाशी चढण. चढणीच्या माथ्यावर एक उजाड गाव होतं. घरांचे चौथरे तेवढे उरलेले आणि एक मारुतीचं देऊळ. ओसाड पडलेल्या गावाला कन्नडात हाळूर म्हणतात.

"नावातच हळू आहे," वादिराज धापा टाकत म्हणायचा. "पण तुला भूगोल येतो, भाषा कुठं येते."

गेल्या फाल्गुनात, सत्त्याण्णव साली, एका रविवारी चहा पिता पिता वादिराजने छातीवर हात चोळला. आज इथूनच परत फिरू, म्हणाला. जरा भरल्यासारखं वाटतंय.

सुधींद्र हसला होता. "तुम्हा वकिलांचं बरं असतं. चढण दिसली की मागितली पुढची तारीख."

वादिराजही हसला. आणि पेला ठेवून सायकलवर बसला.

त्याच दिवशी साडेदहाला वादिराजचा कारकून बाळकृष्ण धावत सुधींद्रच्या खोलीवर आला. मेंढपाळांना वकीलसाहेब पाचव्या दगडाला टेकून बसलेले सापडले होते. सायकल पायांवर पडलेली. डोळे उघडे. घंटीची वाटी निघून कुठे तरी गडगडत गेली असावी, ती नंतरही कुणाला मिळाली नाही.

"मास्तर, तुम्ही बरोबर नव्हता का हो?" बाळकृष्णाने विचारलं.

सुधींद्र नुकताच अंघोळ करून उठला होता. चढण ओलांडून, पलीकडून हळियाळच्या रस्त्याला लागून तो एकटाच घरी आला होता. वादिराज रुसून मागे फिरला असेल, दुपारी जेवताना टोमणे मारेल, असं समजून. सायकल दाराआड उभी होती आणि चाकांना तांबडी माती तशीच होती.

"नाही," तो म्हणाला. "आज अंगात कसकस होती. गेलो नव्हतो."

वाक्य तोंडातून निघून गेलं. ते त्याने ठरवून म्हटलं नव्हतं, पण परत घ्यायला जी हिंमत लागते ती त्या क्षणी त्याच्यात नव्हती. मग तेच वाक्य डॉक्टरांपुढे म्हणावं लागलं, मग वादिराजच्या बायकोपुढे, शालिनीवहिनींपुढे. त्याने मित्राला खांदा दिला तोही ते वाक्य जिभेवर घेऊन. तेराव्यापर्यंत ते इतकं घट्ट बसलं की हलवायची सोय राहिली नाही. जेवायला ये म्हणणारं जगात त्याला एकच घर होतं, आणि ते घर आता त्या एका वाक्यावर उभं होतं.

शालिनीने त्याला काही विचारलं नव्हतं. वर्षभर ती रविवारी त्याचं पान वाढत होती, भात झाला की ताक विचारत होती. वादिराजच्या रिकाम्या पाटाकडे दोघंही पाहत नसत.

वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी पंगत उठल्यावर ती बाहेरच्या खोलीत आली. हात पुसत उभी राहिली.

"भावजी, रविवारी मला तिथं न्या."

"कुठं?"

"ते बसले होते तिथं."

सुधींद्रने हातातली सुपारी परत तबकात ठेवली. "रिक्षा सांगतो. लवकर निघू."

"रिक्षा नको. सावनीची सायकल आहे. कॉलेजात असताना मी धारवाडहून हुबळीला सायकलवर जाऊन आलेय."

सावनी, तिची मुलगी, दारात ताटं घेऊन उभी होती. "महिनाभर गल्लीत सराव चाललाय तिचा, काका," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

महिनाभर. नाही म्हणायला सुधींद्रला काही तरी कारण हवं होतं. जिभेच्या टोकाशी 'कसकस' आली, पण तो शब्द त्याला आता वापरता येत नव्हता.

"बरं," तो म्हणाला.

रविवारी ती सहालाच तयार होती. पाचवारी साडी खोचून घेतलेली, पायांत सावनीचे कॅनव्हासचे बूट, हँडलला कापडी पिशवी. सुधींद्रला कुठल्याही दुसऱ्या दिवशी त्या बुटांचं हसू आलं असतं. तळ्यावर धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, त्यातून फक्त पाणकोंबड्यांचे आवाज येत होते. डावीकडे वळल्यावर रस्ता निमुळता झाला, आणि काही न बोलता शालिनी मागे राहिली.

पहिल्या दगडाशी मागून घंटी वाजली. सुधींद्रचं हँडल डगमगलं. पण ती सावनीच्या नव्या सायकलची, बारीक, टिंग अशी घंटी होती.

"बरोबर ना?" मागून शालिनीने विचारलं. "दर दगडाला एकदा?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रविवारी जेवताना दुसरं काय बोलायचे ते?"

दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा होत्या. मोहराचा वास इतका दाट होता की घशाशी आल्यासारखा वाटत होता. एरवी या वासाने सुधींद्रचं मन हलकं व्हायचं. याच वासासाठी तर ते दोघं आठवडाभर रविवारची वाट पाहायचे. आज तो फक्त दगड पाहत होता. दुसऱ्या दगडाशी टिंग झालं. तिसऱ्या दगडाशी टिंग झालं, आणि त्याच्यामागून, जरा लांबून, आणखी एक घंटी वाजली. एकदाच, शेवटाला घरघरत.

सुधींद्रने मान ताठ ठेवली. वहिनी काही तरी म्हणतील म्हणून तो वाट पाहत राहिला. त्यांच्या सायकलची साखळी तशीच एका लयीत कुरकुरत होती.

टपरीपाशी दोघांनी सायकली स्टँडवर लावल्या. शालिनी बाकाच्या एका टोकाला बसली, सुधींद्र दुसऱ्या. तिने पदराने कपाळ टिपलं.

"बाय टू कोडव्वा," ती बसव्वाला म्हणाली. बसव्वा नवा आवाज ऐकून हसली, पातेलं खाली-वर केलं, चहा गाळला आणि पेले आणून ठेवले.

तीन होते.

दोन चहा तिघांत घ्यायचे तर त्याला टू बाय थ्री म्हणतात. बसव्वाने मागितलं त्याहून एक चहा जास्त करून तो तीन पेल्यांत सारखा वाटला होता. तिन्हींतून वाफ येत होती.

"आम्ही दोघंच आहोत, यव्वा," शालिनी म्हणाली.

"मूर सैकल बंदुवल्ल?" म्हातारी गोंधळली. तीन सायकली आल्या ना, तिला म्हणायचं होतं. मग तिने डोळे चोळले. "म्हातारपण, दुसरं काय. कानांतही पडदा येत असेल. उचलून घेऊ का?"

"राहू दे."

शालिनीने तिसरा पेला हलकेच सरकवला आणि बाकाच्या मधोमध, दोघांमधल्या जागेत ठेवला. त्याच्या काठावर तिचं बोट क्षणभर थांबलं. सुधींद्रला तिच्याकडे पाहवेना. त्याने आपला पेला उचललाच नाही.

मग तिने पिशवीतून एक छोटा स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडून त्याच्यापुढे धरला. शंकरपाळ्या होत्या.

"घ्या. दर रविवारी देत होते की तुमच्यासाठी."

सुधींद्रने एक उचलली. ती बोटांतच राहिली.

"त्यांना साखर होती," शालिनी म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, ताक विचारतानाचा. "डॉक्टरांनी बंद केल्यापासून त्यांनी गोडाला हात लावला नाही. चोरूनसुद्धा नाही. घाबरट होते त्या बाबतीत. त्या दिवशीही सकाळी मी डबा भरून दिला होता. त्यांचं सामान घरी आलं त्यात डबा होता. रिकामा होता, भावजी. मीच धुतला."

बसव्वाच्या चुलीत ओलं लाकूड चरचरत होतं. सुधींद्र शंकरपाळीकडे पाहत राहिला. वर्षभर त्याने सगळं जपलं होतं. चाकांची माती त्याच दुपारी धुतली होती, त्या दिवशीचा सदरा पुन्हा घातला नव्हता. आणि आपण या बाकावर बसून मूठमूठ खाल्लं, हे त्याला आठवलंही नव्हतं.

"वर्षभर ठाऊक होतं तुम्हाला," तो म्हणाला.

"वाटलं, तुम्ही सांगाल. आज सांगतील, पुढच्या रविवारी सांगतील. म्हटलं, वर्षश्राद्ध तरी होऊ दे." आता तिचा आवाज किंचित हलला. "मला राग नाही आला असं नाही. खूप आला. पान वाढताना हात आखडायचा माझा."

सुधींद्रने मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं ते त्याने पुसलं नाही.

"एवढंच सांगा," शालिनी म्हणाली. "घंटी कुठं थांबली?"

हे त्याने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याचा ओठ दोनदा हलला.

"थांबली नाही, वहिनी. पाचव्या दगडाशी वाजली, आणि मग वाजतच राहिली. एकदा नाही, कितीदा तरी. मी चढणीच्या वर पोचलो तरी वाजत होती. मला वाटलं चिडवतोय. मी वळून बघावं, चहा माझ्याकडे लागावा म्हणून करतोय." त्याने श्वास घेतला. "मी हसलो. आणि जोरात मारली सायकल."

शालिनीने आपला पेला घोट घोट करून संपवला. समोरच्या बांधावर एक पळस फुलला होता, पानं नावालाही नव्हती, त्याच्याकडे ती पाहत होती. मग तिने डब्याचं झाकण लावलं, बसव्वाला तिन्ही पेल्यांचे पैसे दिले आणि साडी खोचून घेतली.

"चला," ती म्हणाली. "आता मी पुढं. तुम्ही मागं."

"वहिनी, माझ्या सायकलला घंटी नाही."

"मग तोंडानं सांगा."

बाकावरच्या मधल्या पेल्यातली वाफ थांबली होती. त्याच्यावर साय मात्र धरली नव्हती. सुधींद्रने ते पाहिलं, आणि पेल्यात किती चहा उरलाय हे पाहायच्या आत तो वळला.

ती पुढे झाली. सुधींद्र अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी मागे चालला होता. मागून सगळंच वेगळं दिसत होतं. पुढच्याची पाठ दिसते, तिच्यावरचा घाम दिसतो, पायडलवर पाय कधी जड झाला ते कळतं. वादिराज दर रविवारी हे पाहत होता. पुढच्याला मात्र काहीच दिसत नाही.

चौथ्या दगडाशी तो कसाबसा "हजर" म्हणाला. शालिनीने मान हलवली आणि चालवत राहिली.

मग चढण सुरू झाली. धुकं इथे विरलं नव्हतं. माथ्यावरच्या देवळाचा कळस तेवढा वर दिसत होता, खालचं गाव नव्हतंच. शालिनी उभी राहून पायडल मारू लागली. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. पाचवा दगड डाव्या हाताला आला, त्याच्या पायथ्याशी वाळकं गवत होतं आणि एका बाजूला ते दबलेलं होतं, नुकतंच कुणी टेकून उठल्यासारखं. शालिनी दगड ओलांडून गेली. थांबली नाही.

सुधींद्र दगडाशी पोचला. त्याने तोंड उघडलं. शब्द फुटला नाही. पुढे शालिनीचे दोन्ही हात मुठींवर घट्ट आवळलेले त्याला स्वच्छ दिसत होते.

घंटी वाजली. एकदाच, शेवटाला घरघरत.

"ऐकलं," शालिनी पुढून म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

घंटी पुन्हा वाजली. आणि पुन्हा. सुधींद्रने ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकवला, आणि मान वळवून मागे पाहिलं.